हौदा बांधलात, आता वस्ताद नेमा

प्रति,
कोल्हापुरातील ग्रंथालये, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांचे अध्यक्ष, विश्वस्त व कार्यकारी मंडळाचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी उतरल्यावर एका संस्थेच्या तळमजल्यावरचं लोखंडी कपाट उघडायला मी गेले होते. संस्थेचं नाव सांगत नाही, ती तुमच्यापैकी कुणाचीही असू शकली असती. दार गाळानं घट्ट बसलेलं, शेवटी पहारीनं उघडलं. वरच्या कप्प्यात जुन्या सभांच्या इतिवृत्तांच्या बांधीव वह्या होत्या, भिजून विटेसारख्या जड झालेल्या. खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या डब्यात एक हार्डडिस्क होती. डब्यावर चिठ्ठी: ‘डिजिटायझेशन – पूर्ण’.

मूळ आणि नक्कल, दोन्ही एकाच कपाटात.

ओला कागद दोन दिवसांत हवेशीर वाळवला नाही तर बुरशी धरतो. आम्ही चौघींनी पानांमध्ये टीपकागद घालून, दोऱ्या बांधून, पंखे लावून वह्या वाळवल्या. शाई पसरली, काही पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच, पण निम्म्याहून जास्त मजकूर आजही वाचता येतो. डिस्क मात्र पुन्हा फिरली नाही.

गोष्ट इथं संपत नाही. स्कॅनिंगचा ठेका घेतलेल्या माणसाच्या जुन्या संगणकात त्या कामाची एक प्रत सापडली. आनंद झाला, पण अर्धा तासच टिकला. फोल्डर एकच, त्यात हजारो चित्रं, नावं ‘स्कॅन ०००१’, ‘स्कॅन ०००२’ अशी. कुठली वही कुठं सुरू होते, कुठं संपते, मधलं पान राहिलं की मुळातच नव्हतं, काही कळायला मार्ग नाही. ठेका पानामागे पैसे असा होता, पानं मोजून मिळाली होती, बिल अदा झालं होतं. क्रम माहीत असलेला माणूस एकच, अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलेला, ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झालेला एक मुलगा. करार संपल्यावर तो पुण्याला कंपनीत गेलेला. त्याला फोन लावला. दीड तास त्यानं आठवून आठवून सांगितलं, “बाई, चारशेच्या पुढं अडतीस सालची वही सुरू होते, तिच्या पहिल्या पानाला वाळवी लागलीय बघा.” आम्ही पलीकडे लिहून घेत होतो. संस्थेची स्मृती त्या दुपारी एका मोबाइलवर होती, आणि त्या मुलाला आपण अकरा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या लायकीचं मानलं नव्हतं.

हे पत्र त्या दीड तासाबद्दल आहे.

मी ग्रंथालयात तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. या काळात आपल्याकडे स्कॅनर आले, सर्व्हर आले, उद्घाटनं झाली, फिती कापल्या. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की घाईघाईनं आणखी काही हजार पानं स्कॅन झाली. माणूस मात्र आला नाही. एखाद्या गल्लीनं वर्गणी काढून झकास तालीम बांधावी, हौद्यात तांबडी माती आणून टाकावी, तेल, ताक, हळद, लिंबू सगळं घालावं आणि वस्ताद नेमायचं विसरून जावं, तसं हे झालंय. माती रोज उकरली नाही की आठ दिवसांत दगड होते, हे खासबागेच्या गावात वेगळं सांगायला नको. डिजिटल साठ्याचंही नेमकं हेच. स्कॅन करणं म्हणजे माती आणून टाकणं. जतन म्हणजे ती रोज उकरणं.

रोज उकरायचं म्हणजे काय, हे थोडं सांगते, कारण सभांमध्ये “ते एकदा क्लाउडवर टाकलं की झालं” हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. प्रत्येक फाइलचा गणितानं एक ठसा काढता येतो. त्याला चेकसम म्हणतात. त्यातला हल्ली सर्रास वापरात असलेला प्रकार ६४ अक्षरांचा असतो. फाइलमधला एक कण बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. आज काढलेला ठसा सहा महिन्यांनी पुन्हा काढून ताडून पाहायचा. जुळला नाही तर दुसऱ्या ठिकाणची धड प्रत आणून तिथं ठेवायची. डिस्कची हमी तीन ते पाच वर्षांची असते, म्हणजे तेवढ्या वर्षांनी सगळा साठा नव्या माध्यमावर हलवायचा आणि हलवताना पुन्हा ठसे जुळवायचे. कुठली फाइल कशापासून, कधी, कुणी बनवली, नंतर तिच्यात काय केलं, याची नोंद ठेवायची. यातलं बरंचसं काम यंत्र करतं. पण यंत्रानं ‘जुळत नाही’ म्हटल्यावर खुर्चीतून उठणारं कुणीतरी लागतं.

फॉरमॅटचा त्रास तर आपल्या मराठीला जास्तच. तुमच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या स्मरणिकेची किंवा गौरवग्रंथाची सीडी असेल. ती चाललीच तर फाइल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रणालीची निघेल आणि ती उघडलीच तर ‘अध्यक्षीय मनोगत’ असायला हवं तिथं रोमन अक्षरांची, टोप्या घातलेल्या स्वरांची खिचडी दिसेल. कारण तेव्हाचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकच असलेल्या अक्षरसंकेताचे नव्हते. प्रत्येक कंपनीनं आपापल्या मनानं अक्षरं मांडली होती. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आपले छापखाने पुढं कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर चालले. ती खिचडी नजरेनं वाचणारे डीटीपीवाले या शहरात अजून आहेत. एकानं माझ्यासमोर नुसता पडदा बघून सांगितलं, हा अमुक फॉन्ट, याचा रफार मागं पडतो. साठीच्या पुढचे गृहस्थ. त्यांना महिनाभर मानधनावर बसवून निदान एक तक्ता करून घ्यावा, असं एकाही संस्थेच्या मनात आलेलं नाही. मोडी वाचणाऱ्यांची आपण हळहळत आठवण काढतो. ही पुढची मोडी आपल्या डोळ्यांदेखत तयार होतेय. (खऱ्या मोडीला निदान २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली.)

आता खरा मुद्दा, कारभाराचा.

कुठल्याही ग्रंथालयात दोन वह्या असतात. एक दाखलनोंद वही. पुस्तक आलं की त्याला क्रमांक मिळतो, मग ते गहाळ झालं तर ग्रंथपालाला उत्तर द्यावं लागतं. दुसरी डेड स्टॉक रजिस्टर. त्यात खुर्च्या, पंखे, कपाटं. हार्डडिस्क आली की ती कुठल्या वहीत जाते? डेड स्टॉकमध्ये. तिच्यातली पन्नास हजार पानं कुठल्याच वहीत जात नाहीत. काही वर्षांनी डेड स्टॉकचं निर्लेखन होतं. समिती बसते, मोडक्या खुर्च्यांबरोबर ‘संगणक संच – ४, हार्डडिस्क – ३’ अशी यादी होते, सह्या होतात, भंगारवाला येतो. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पुस्तकाचं एक पान फाडणाऱ्या विद्यार्थ्याकडून दंड घेणारे आपण, अख्खं दप्तर सहीशिक्क्यानिशी भंगारात घालतो आणि ऑडिटला एक शेराही येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये. अशा एका यादीवर माझीही सही आहे.

त्या समितीत मला बोलावलं होतं ते सही करायला. सर्व्हर कुठला घ्यायचा, प्रती किती ठेवायच्या, ठेक्याच्या अटी काय, हे ठरलं तेव्हा मी खोलीत नव्हते. ते संगणक विभाग आणि खरेदी समितीनं ठरवलं. संगणक विभागाला दोष देत नाही, त्यांचं काम यंत्र चालू ठेवायचं. तीस वर्षांनी ही फाइल उघडेल का, हा प्रश्न त्यांच्या कामात बसत नाही. ग्रंथपालाच्या कामात बसतो, पण त्याच्याकडे अधिकार नाही. दोन टेबलांच्या मधल्या फटीत साठा पडलाय. जबाबदारी कुणाची, असं विचारलं की दोघंही एकमेकांकडे बघतात.

नेतृत्व हा शब्द आपल्याकडे भाषणाला राखून ठेवलाय, म्हणून साध्या भाषेत सांगते. मला असा माणूस हवाय ज्याच्या सहीशिवाय डिस्क भंगारात जाणार नाही, ज्याच्या शेऱ्याशिवाय स्कॅनिंगचं बिल अदा होणार नाही, आणि जो अध्यक्षांना तोंडावर सांगू शकेल की यंदा नवीन स्कॅनिंग नको, आधी आहे ते सांभाळू. अकरा महिन्यांच्या करारावरचा मुलगा हे सांगू शकत नाही. तो हुशार असेल, तळमळीचा असेल, पण बाराव्या महिन्याची भीती मानेवर असताना कुणी कुणाला नको म्हणत नाही.

या मुलांची वाट कशी असते ते बघा. बी.लिब., एम.लिब., मग नेट किंवा सेट. मग महाविद्यालयात जागा निघायची वाट. जागा एकच, ग्रंथपालाची. ती मिळाली तर त्याच पदावर निवृत्ती, कारण वर पायरीच नाही. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल, ग्रंथपाल अशी उतरंड आहे, पण तिथं पायऱ्यांपेक्षा वाट बघणारे जास्त. या सगळ्यात ‘डिजिटल जतन’ नावाची पायरी कुठंच नाही. ते काम करणाऱ्याला आपण जाहिरातीत ‘संगणक सहायक’ किंवा ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’ म्हणतो आणि टंकलेखनाचा वेग विचारतो. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. आपल्याच जिल्ह्यातली पोरं तिथं शिकतात आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बँकांचा, औषध कंपन्यांचा डेटा सांभाळायला जातात. बँकेचं दप्तर सांभाळायची अक्कल त्यांच्यात आहे आणि शाहूकालीन दप्तर सांभाळायची नाही, असं थोडंच आहे?

कुणी म्हणेल, बाई, हे मोठ्या देशांचे खेळ, आपल्याला परवडणारे नाहीत. पैशानं हा प्रश्न सुटत नाही, हे गेल्याच वर्षी दिसलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या साठवणीतला सुमारे ८५८ टेराबाइट मजकूर गेला, कारण त्याची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती. तंत्रज्ञानात आपल्यापेक्षा कितीतरी पुढचा देश, पण चूक त्या लोखंडी कपाटातलीच. आग म्हटलं की आपल्याला ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवते. केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळं शहर रस्त्यावर उभं राहून रडलं. डिस्क बंद पडते तेव्हा धूर येत नाही, म्हणून कुणी रडत नाही, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. डिजिटल जतनाचं केंद्र पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दृकश्राव्य संग्रहाला २०१७ साली विश्वासार्ह डिजिटल भांडाराचं आयएसओ १६३६३ प्रमाणपत्र मिळालं, जगात पहिलं. त्यामागची संगणकप्रणाली पुण्याच्या याच केंद्राची. पुणं म्हणजे सकाळची एसटी धरली तर दुपारी जेवायला. आपल्या किती संस्थांनी तिथं एक तरी माणूस शिकायला पाठवला?

“कॉपीराइटचं काय?” हा सभेतला दुसरा आवडता प्रश्न. बहुतेक वेळा तो विषय पुढच्या सभेवर ढकलायला विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम ५२ मध्ये सरळ तरतूद आहे. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हा भंग नव्हे. साठवणं वेगळं आणि सगळ्यांना वाटणं वेगळं, एवढं भान ठेवलं की झालं. ते भान ठेवायलाही माणूसच लागतो म्हणा.

पैशाचं बोलते. अनुदान मिळतं ते बहुधा खरेदीला. स्कॅनर हा अनावर्ती खर्च, एकदा झाला की फोटो काढून मोकळं. पगार हा आवर्ती, तो दर महिन्याला बोचतो. म्हणून आपण दहा लाखांचं यंत्र हसत घेतो आणि माणसाच्या पगारावर तीन सभा खर्ची घालतो. एकेका संस्थेला पूर्णवेळ पद झेपत नसेल, हे मला मान्य आहे. अ वर्गाच्या वाचनालयाचीही ओढाताण मी जवळून पाहिलीय, ड वर्गाचं तर बोलायलाच नको. पण कोल्हापूर जिल्ह्याला सहकार शिकवायची गरज आहे का? एक म्हैसवाला टँकर घेऊ शकत नाही, म्हणून गावाची संस्था झाली, संस्थांचा संघ झाला. सकाळी दूध घालताना आधी फॅट लावतात, मगच ते मोठ्या भांड्यात ओततात, नाहीतर एकाच्या नासक्या दुधानं सगळ्यांचं जातं. डिजिटल साठ्यालाही तेच करायचं असतं. आत घेताना तपासायचं, ठसा काढायचा, नोंद करायची, मगच ठेवायचं.

पाच संस्थांनी मिळून दोन पदं करावीत. एक जतन अधिकारी, ग्रंथपालाच्या बरोबरीच्या वेतनावर, कायम. त्याच्या हाताखाली एक सहायक, ज्याला पाच वर्षांनी वर सरकता येईल. पाचही संस्थांनी एकमेकांच्या प्रती सांभाळाव्यात. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं १९९९ पासून ग्रंथालयांसाठी हेच तत्त्व चालवलंय, प्रती भरपूर तर ऐवज सुरक्षित. फक्त आपल्याकडे एक अट जास्तीची घाला. निदान एक प्रत पंचगंगेच्या पाणलोटाबाहेर असू दे. २०२१ ला पाणी पुन्हा आलं होतं, विसरलात का?

अधिकारी कोण असावा? संगणकाची पदवी असलेलाच हवा असं नाही. दप्तर म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला चेकसम शिकवता येतो. उलटं शिकवायला फार वेळ लागतो, हे मी अनुभवानं सांगते. तो प्रश्न विचारणारा असावा, आणि त्याला दर तिमाहीला कार्यकारी मंडळापुढं पंधरा मिनिटं मिळावीत. किती फाइल तपासल्या, किती बिघडल्या, किती दुरुस्त झाल्या. ‘बिघडल्या’च्या रकान्यात शून्य दिसलं तर खूश होऊ नका, तपासलंच नसेल. आणि पद भरताना लिहून घ्या की जाताना तो सगळा कारभार लिखित सोडून जाईल. आपल्याला पुन्हा फोनवर दीड तास नको.

१८५० साली या गावात ग्रंथालय उभं राहिलं, आजचं करवीर नगर वाचन मंदिर. सार्वजनिक ग्रंथालयांचा भारतातला पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा थेट १९६७ चा. दुसरीकडे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट याच मातीत तयार झाले आणि त्यातले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. तेव्हाची फिल्म ज्वालाग्राही होती, शिवाय तिच्यातली चांदी काढायला ती धुऊन विकली जाई. ज्यांनी विकली ते वाईट लोक नव्हते. त्यांच्या वहीतही ती डेड स्टॉकच होती.

येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर एवढाच विषय घ्या: ‘डिजिटल जतन अधिकारी – पदनिर्मिती व अधिकार’. ऐनवेळच्या विषयांत नको, तोवर सदस्य चहा घेऊन उठलेले असतात. आणि सभा होईपर्यंत एक करा, तळमजल्यावरच्या कपाटाची किल्ली मागवून आत काय आहे ते स्वतः बघा.

पुण्याच्या त्या मुलाचा नंबर माझ्याकडे अजून आहे. आता तो तिथं एका टीमचा प्रमुख आहे, लग्न झालंय, आई-वडील इकडंच उचगावला. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, “बाई, त्या वह्यांचं पुढं काय झालं?” मी म्हटलं, तशाच आहेत. जरा थांबून म्हणाला, “कायम जागा निघाली तर सांगा.” सांगते म्हटलंय.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
कोल्हापूर